गाडीतून ससा, मुंगूस, खोकड कॅमेऱ्यात टिपताना

येवला तालुक्यातल्या ममदापूरच्या माळावर सगळे काळविटांच्या मागे असतात. पण गाडी एका जागी वीस मिनिटं उभी ठेवा, मुंगूस, ससा, नशीब असेल तर खोकडही (छोटा कोल्हा) दिसतं. ही जनावरं माणसाच्या आकाराला बिचकतात, उभ्या गाडीला तेवढी नाही. म्हणून दार उघडायचं नाही आणि हात बाहेर काढायचा नाही.

इंजिन बंदच करा. त्याच्या थरथरीने लांब लेन्सवर फोटो हमखास हलतो. जुन्या जीन्सचा एक पाय कापून त्यात दीड-दोन किलो तांदूळ भरा, दोन्ही तोंडं शिवा आणि ही पिशवी अर्ध्या उतरवलेल्या काचेवर ठेवून लेन्स टेकवा. ट्रायपॉडपेक्षा गाडीत हीच बरी. शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा, मुंगूस क्षणभरही स्थिर नसतं. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १६०० झाला तरी चालेल. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

एक गोष्ट फार जण विसरतात. निफाड-येवल्याकडच्या थंडीत पहाटे हीटर लावून आलात, की काच उतरवताच आतली गरम हवा लेन्ससमोरून वाहते आणि फोकस बरोबर असूनही फोटो धूसर येतो. पोहोचण्याआधीच हीटर बंद करून काचा उघडा.

बिळाजवळ पिल्लं दिसली तर मात्र फोटो सोडून द्या आणि हळूच गाडी पुढे काढा. तुम्ही थांबलात तर आई बिळाकडे परतायला कचरते.