एका डब्यातलं रहस्य रंगमंचावर कसं उभं करावं

रहस्यनाट्य बसवायचं म्हणजे पैसा हवा, हे एकांकिका करणाऱ्या आमच्या सांगलीच्या पोरांच्या डोक्यात घट्ट बसलंय. त्यांना मी ‘टेरर बाय नाइट’ दाखवते. १९४६ चा, ब्लॅक अँड व्हाइट, तासाभराचा शेरलॉक होम्सपट. होम्स झालाय बॅझिल रॅथबोन आणि वॉटसन नायजेल ब्रूस. या जोडीचे १९३९ ते १९४६ मध्ये चौदा चित्रपट आले. पहिले दोन फॉक्स स्टुडिओचे, पुढचे बारा युनिव्हर्सल स्टुडिओने बेताच्या खर्चात काढलेले. त्या बारांतले अकरा एकट्या रॉय विल्यम नीलने दिग्दर्शित केले, हा त्यातलाच. लंडनहून एडिंबराला निघालेली रात्रीची गाडी, एक हिरा, एक खून. जवळजवळ सगळं गाडीतच घडतं. १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ हे पहिलं मानलं जाणारं मराठी नाटक जिथं झालं, त्या सांगलीनं एका सेटवरच्या गोष्टीला घाबरू नये.

पहिल्यांदा बघाल तेव्हा मध्ये थांबवू नका. दिवे बंद, मोबाइल बाजूला, सगळी मंडळी एकत्र. खुनी कोण ते आधी कुणी सांगायचं नाही; मीही इथं सांगणार नाही.

दुसऱ्यांदा वही घ्या आणि डब्याचा नकाशा काढा. एका बाजूनं चिंचोळा बोळ, त्याला लागून कंपार्टमेंटं, पुढं जेवणाचा डबा, मागं सामानाचा. आता प्रत्येक पात्र कुठल्या दारातून आलं, कुठं गेलं, ते बाणांनी दाखवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका, कारण या चित्रपटातला सगळा ताण त्या बोळात आहे. माणूस दाराआड गेला की आपल्याला तो दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच संशय येतो. तुमच्या रंगमंचावर तीन फ्लॅट (भिंतीसारख्या उभ्या चौकटी) आणि दोन दारं असली तरी हेच जमतं. पात्रानं विंगेत जाताना दार ओढून घ्यायचं आणि प्रेक्षकाला दाराकडं बघत ठेवायचं. पुढचा प्रवेश लगेच सुरू करू नका. दोन श्वास थांबा.

मग शवपेटी बघा. ती सुरुवातीलाच येते, सुताराच्या दुकानात, एक बाई ती घ्यायला आलेली असते. नंतर गोष्ट हिऱ्याकडं वळते आणि आपण पेटी विसरतो. तुमच्या संहितेतही महत्त्वाची वस्तू पहिल्या पाच मिनिटांत उघड्यावर ठेवा आणि त्यानंतर तिच्याकडं कुणी बोट दाखवू नका. लिहिणाऱ्याला राहवत नाही, तो मध्येच आठवण करून देतो. तेवढी वाक्यं तालमीत निर्दयपणे कापा.

गाडी धावतेय हे कसं दाखवायचं? युनिव्हर्सलनं बाहेरची दृश्यं जुन्या साठ्यातली वापरली. नीट बघितलं तर इंजिनं बदललेली दिसतात. तरी गाडी खरी वाटते, कारण आवाज आणि डोलणं सुटत नाही. आवाजासाठी मिरजेला जा. सरळ रुळांवर हल्ली खडखड फारशी येत नाही. जंक्शनात शिरताना गाडी सांधे बदलते तेव्हा येते. तिथं खिडकीशी बसून रेकॉर्ड करा. नटांनी एकाच लयीत किंचित डोलायचं. एक जण चुकला तरी गाडी थांबल्यासारखं वाटतं, म्हणून हे रोज तालमीच्या आधी दहा मिनिटं, संवादांशिवाय. खिडकीमागून कुणीतरी टॉर्च एका दिशेनं फिरवत राहिला की स्टेशनं जातात.

वॉटसनला बावळट केलाय अशी होम्सभक्तांची तक्रार असते, आणि कथांमधला वॉटसन तसा नाही हे खरंच. पण वॉटसन एका प्राध्यापकाची उलटतपासणी घ्यायला जातो आणि प्राध्यापक त्याचीच घेतो, तो प्रसंग पुन्हा पुन्हा बघा. खुनानंतर प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा तिथं मिळते. तुमच्याकडं असा एक प्रवेश हवाच, आणि तो सगळ्यात चांगल्या नटाला द्या. विनोदासाठी विनोद करणाऱ्याला नको. वॉटसन मनापासून तपास करत असतो, म्हणून तर हसू येतं.

होम्सला चालत्या गाडीतून बाहेर ढकलतात, तो दाराला लटकून राहतो, तो प्रसंग मात्र सोडून द्या. रंगमंचावर तो हास्यास्पद होतो.

शेवटची झटापट अंधारात आहे, ती घ्या. पूर्ण काळोख चार-पाच सेकंदांच्या वर नेऊ नका, आवाज आधीच बसवून ठेवा: काच, धक्का, एक ओरडणं, मग शांतता. पायऱ्यांच्या आणि लेव्हलच्या (रंगमंचावरच्या उंचवट्यांच्या) कडांना अंधारात चमकणारी पट्टी लावा, नटांना ती जागा डोळे मिटून चालायला लावा, आणि दिवे येतील तेव्हा कोण कुठं उभा असेल ते खडूनं आखून ठेवा.