भूमध्य समुद्रातली क्रूझ ठरवताय? या चुका टाळा

जानेवारी उजाडला की धरमपेठेतल्या आमच्या घरी कोणी ना कोणी क्रूझचं रंगीत माहितीपत्रक घेऊन येतं. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन चुकवायचं असतं, विदर्भातल्या शाळा जून संपता संपता उघडतात म्हणून मुलांनाही सवड असते, आणि मी त्या समुद्रात तीनदा जाऊन आले आहे हे ओळखीच्यांना ठाऊक आहे. पत्रकावर बोट ठेवून जो तो एकच सांगतो, "मॅडम, सात रात्रींत सहा शहरं! अजून काय पाहिजे?" मी तीस वर्षं भूगोल शिकवला. पत्रक बाजूला ठेवून मी नकाशा काढते.

बंदराला शहर समजणं

ही चूक सगळ्यात जुनी, सगळ्यात महाग, आणि दरवर्षी नव्याने होणारी. पत्रकावर 'रोम' छापलेलं असतं, पण जहाज रोमला जातच नाही. ते चिविटावेक्किया नावाच्या बंदराला लागतं. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर, म्हणजे नागपूरहून वर्धा. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो बंदर, तिथूनही शहर नव्वद किलोमीटरच्या आसपास. 'व्हेनिस'चं तर आणखी वेगळं. 1 ऑगस्ट 2021 पासून 25,000 टनांहून मोठ्या जहाजांना जुन्या शहरासमोरच्या जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. त्यामुळे कोणी मार्घेराच्या औद्योगिक बंदरात थांबतं, कोणी ट्रिएस्टला, कोणी रावेन्नाला. रावेन्नापासून व्हेनिस जवळपास नागपूर-अमरावतीइतकं लांब आहे. पत्रकात ही नावं असतात, पण बारीक अक्षरात, आणि बारीक अक्षर वाचायला कोणी थांबत नाही.

माझी सवय सांगते. वहीत प्रत्येक बंदरासाठी एक ओळ आखायची: जहाज लागायची वेळ, परत चढायची शेवटची वेळ, शहरापर्यंतचं अंतर. मग वजाबाकी. चिविटावेक्कियाला जहाज सकाळी सातला लागतं आणि संध्याकाळी सातला सुटतं असं धरा. कागदावर बारा तास. जहाज लागल्यावर उतरायला परवानगी, रांग, बंदराच्या फाटकापर्यंतची बस, तिथून स्टेशन, मग तासाभराची गाडी. रोमला पाऊल ठेवेपर्यंत दहा वाजतात. साडेसहापर्यंत जहाजावर परत चढायचं, तर साडेतीनला रोम सोडायला हवं. उरले साडेपाच तास, त्यात जेवण आलं. ही वजाबाकी पत्रकावर कुणी करून देत नाही, आपणच करायची असते.

माझ्या धाकट्या दिरांना मी हेच सांगितलं होतं. शिवाय बजावलं होतं की इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, तेवढी तारीख बघून घ्या. ते म्हणाले, "काही होत नाही वहिनी, तुम्ही उगाच घाबरवून राहिल्या." त्यांच्या रोमच्या दिवशी, शुक्रवारी, संप होता. सकाळची गाडी मिळाली, त्यामुळे त्यांना वाटलं की संप नावापुरताच आहे. मेख अशी की इटलीत संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक गाड्या चालवाव्याच लागतात. लोक कामावर जावेत आणि घरी परतावेत यासाठी ती सोय आहे. क्रूझवाल्याची परतीची वेळ दुपारी तीन-चारची, म्हणजे नेमकी मधल्या पोकळीत. तीन वाजता टर्मिनी स्टेशनच्या फलकावर एकेक गाडी रद्द होत गेली. टॅक्सीसाठी ही मोठी रांग, रस्त्यावर संपामुळे दुप्पट गर्दी. चौघं जण जहाज सुटायच्या चाळीस मिनिटं आधी शिडीशी पोहोचले. जाऊबाई सांगत होत्या, पुतणी अख्ख्या वाटेत रडत होती. कलोसियम त्यांनी बाहेरून पाहिलं, व्हॅटिकन पाहिलंच नाही, आणि टॅक्सीला जे पैसे गेले त्यात रोममध्ये एक रात्र राहणं झालं असतं.

जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज तिची वाट पाहतं, आपल्या टॅक्सीची पाहत नाही. म्हणून रोम किंवा फ्लॉरेन्स एका दिवसात करायचंच असेल तर जहाजाची बस घ्या, महाग असली तरी. पण नेपल्स, स्पेनच्या मायोर्का बेटावरचं पाल्मा, व्हालेटा इथे त्या बसवर पैसे घालवू नका. नेपल्सला बंदरातून चालत बाहेर पडलात की शहर सुरू. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं पॉम्पेई लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत येतं. माल्टाच्या व्हालेटाला तर जहाज जुन्या तटबंदीच्या कुशीतच शिरतं. पहाटे उठून डेकवर उभं राहा. तो पिवळ्या दगडाचा कोट समोर उघडत जाताना मी दोनदा पाहिला आहे आणि पुन्हा पाहायची तयारी आहे. मग 58 मीटर उंच लिफ्टने बाराक्का बागेत जायचं, तिथून चालत सेंट जॉन कॅथेड्रल, आत काराव्हाज्जोचं 1608 सालचं भलंमोठं चित्र.

यातूनच माझा ठाम नियम निघाला: समुद्रापासून लांबचं शहर जमिनीवर राहून बघायचं, आणि बंदराला चिकटलेलं शहर जहाजावर सोडायचं. बरीच जहाजं आठवड्याचा गोल फेरा मारतात, आणि त्यांतल्या काहींवर बार्सिलोना, मार्सेल, जेनोआ, चिविटावेक्किया असं कुठूनही चढता येतं. मग चिविटावेक्कियालाच चढा आणि त्याआधी तीन-चार रात्री रोमला राहा. रोमहून फ्लॉरेन्स वेगवान गाडीने दीड तास. तेही तेव्हाच उरकतं. लिव्होर्नोच्या दिवशी मग शांतपणे पिसाला जा, ते बंदरापासून जवळ आहे.

ज्या दिवशी पोहोचायचं, त्याच दिवशी जहाज

हे मी स्वतः भोगलं आहे. दुसऱ्या खेपेला एक रजा वाचवायला आम्ही जहाज सुटायच्या दिवशी दुपारी बार्सिलोनाला उतरणार होतो. नागपूर-मुंबईचं तिकीट वेगळं काढलं होतं, थोडं स्वस्त पडलं म्हणून. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून ते विमान तीन तास उशिरा सुटलं आणि मुंबईचं पुढचं विमान गेलं. तिकिटं वेगळी, त्यामुळे पुढच्या कंपनीवर आमची काहीच जबाबदारी नव्हती. नवी तिकिटं काढून बार्सिलोनाला पोहोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. जहाज सहाला सुटलेलं. कागदपत्रांवरच्या तातडीच्या क्रमांकावर फोन लावून पुढच्या बंदरात चढायची परवानगी मिळवली आणि सकाळच्या विमानाने पाल्मा गाठलं. परवानगी न मागता थेट पुढच्या बंदरात जाऊन उभे राहिलो असतो तर चढू दिलं असतं की नाही, याची खात्री नव्हती.

तेव्हापासून मी निदान दोन रात्री आधी पोहोचते आणि नागपूरपासून शेवटच्या विमानतळापर्यंत एकच तिकीट काढते, मुंबईमार्गे असो की दोहामार्गे. जायचं एका शहरात आणि परतायचं दुसऱ्यातून असेल तर 'मल्टी सिटी' तिकीट काढा, पुन्हा पहिल्या शहरात येण्यात एक दिवस फुकट जातो. "दोन रात्रींचा खर्च कशाला?" असं विचारणाऱ्यांना मी विचारते, साग्रादा फामिलिया पाहायचंय ना? 1882 साली बांधायला घेतलेलं ते चर्च आत शिरून, मान वर करून, तासभर तरी बघायचं असतं. तिकीट वेळेनुसार मिळतं, आधीच काढून ठेवा.

व्हिसा शेवटी आठवणं

ग्रीसच्या फेऱ्यांत बहुतेक वेळा तुर्कस्तानचं कुशादासी असतं, एफेससचे अवशेष बघायला. तुर्कस्तान शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. तिथे गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि परत ग्रीसमध्ये शिरताना दुसरा प्रवेश लागतो. मॉन्टेनेग्रोच्या कोतोरचंही तसंच. म्हणून अर्जात 'मल्टिपल एंट्री' मागा. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा तेही जमिनीवरच्या रात्रींनी बदलतं: सर्वाधिक मुक्काम ज्या देशात त्याच्याकडे, मुक्काम सारखे असतील तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. म्हणजे आधी रात्री ठरवा, मग अर्ज. सहा महिने आधीपासून करता येतो. एप्रिलमध्ये जागे होऊन मेची तारीख मागणाऱ्यांसाठी मी आता धावपळ करत नाही. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोचा.

बाकीच्या चुका थोडक्यात. सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या होडीतून उतरावं लागतं आणि वर जायला केबल कारची रांग असते. गुडघे दुखणाऱ्यांनी हे आधी विचारात घ्यावं. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद, फ्लॉरेन्सचं उफित्सी हे चित्रसंग्रहालय सोमवारी बंद; वार बघूनच तारीख घ्या. ग्रीसचं घड्याळ इटलीच्या एक तास पुढे असतं, आणि जहाजाची वेळ कोणती ते रोज सकाळी विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, अथेन्सचं ऊन आपल्या ऊनासारखंच भाजतं. शाकाहारी किंवा जैन जेवण आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवा.

उतरायच्या सकाळी आठचं विमान घेऊ नका, दुपारनंतरचं घ्या. आदल्या रात्री मोठ्या बॅगा खोलीच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या दुसऱ्या दिवशी धक्क्यावरच मिळतात. पासपोर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या आणि सकाळी घालायचे कपडे त्यांत जाऊ देऊ नका. मी ते तिन्ही एका कापडी पिशवीत घालून उशाशी ठेवते.