माळ्यावरचा व्हिडिओ गेम: आधी टेट्रिस, मग डाँकी काँग

ठाण्या-वाशीतल्या घरांत माळ्यावर ठेवलेला जुना व्हिडिओ गेम बहुधा निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी गेमयंत्राची नक्कल असतो. 60 पिनांची कॅसेट, 9 व्होल्टचा ॲडॉप्टर आणि टीव्हीला पिवळी पिन, हा त्याचा थाट. तो खाली काढला की पहिला हात आर्केडच्या (नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवरच्या) गेमकडे जातो आणि चित्र लुकलुकलं की यंत्र गेलं असं वाटतं. म्हणून तपासणी टेट्रिससारख्या कोड्याच्या गेमवर करावी.

सुरुवात कॅसेटपासून. फुंकर मारू नका. श्वासातली वाफ कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्यांवर बसते, आणि खाडीकाठच्या दमट हवेत त्यांना गंज चढायला वेळ लागत नाही. 99 टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन दोन्ही बाजूंच्या 30-30 पट्ट्या लांबीच्या दिशेने पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि बऱ्याचदा ग्लिसरीन असतं. शाईचा खरखरीत खोडरबर पट्टीवरचा मुलामाच खरवडून काढतो. मग पट्ट्या किंचित ओलसर असताना, वीज बंद ठेवून, तीच कॅसेट खाचेत 8-10 वेळा घालून काढा. खाचेतली घाण कॅसेटवर येईल, ती पुन्हा पुसा आणि दहा मिनिटं वाळू द्या.

ॲडॉप्टर जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. पिनेच्या आत धन की ऋण, हे यंत्रावरच्या खुणेशी जुळलंच पाहिजे. फॅमिकॉममध्ये आत ऋण असे, नकलांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. यंत्रात 7805 रेग्युलेटर (व्होल्ट 5वर आणणारा तीन पायांचा भाग) असेल तर त्याच्या आउटपुटच्या पायावर 4.75 ते 5.25 व्होल्ट हवेत. ॲडॉप्टर 7 व्होल्टांखाली घसरला तर रेग्युलेटरला 5 व्होल्ट सांभाळता येत नाहीत आणि गेम मध्येच पुन्हा सुरू होतो. चित्रावर आडवे पट्टे सरकत असतील आणि आवाजात गुणगुण असेल तर रेग्युलेटरजवळचा मोठा कॅपॅसिटर (वीज साठवणारा नळकांड्यासारखा भाग) सुकलेला असण्याची शक्यता जास्त. बदलताना मायक्रोफॅरॅड तेच ठेवा, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त. अंगावर पट्टा असलेला पाय ऋण. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावं.

नव्या टीव्हीला तीन पिनांऐवजी एकच बारीक छिद्र असेल तर त्या टीव्हीचीच जोडवायर घ्या. कंपनीगणिक आतली जोडणी बदलते, चुकीच्या वायरीत चित्र लाल पिनेवरही निघतं. चित्र काळंपांढरं आलं तर मेनूत रंगप्रणाली पाल आणि एनटीएससी अशी आलटून पालटून पाहा. गेम मोड चालू, आकार 4:3.

आता निन्टेन्डोचा 1989चा टेट्रिस लावा. पातळी 0, पहिला तुकडा सोडून द्या, दुसऱ्यावर मोबाइलचं स्टॉपवॉच धरा. एक घर उतरायला 48 फ्रेम, म्हणजे पडद्यावरची 48 चित्रं लागतात; सेकंदाला 60 धरली तर 10 घरांना 8 सेकंद. 9.6 लागले तर यंत्र 50 हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला 50 फ्रेमचं आहे. त्यावर सगळे गेम आणि त्यांचं संगीतही सहाव्या हिश्शाने संथ चालेल. तो बिघाड नव्हे. मग उजवीकडचं बटण दाबून धरा. तुकडा एक घर सरकून 16 फ्रेम थांबतो, पुढे दर 6 फ्रेमला सरकतो. ही चाल अडखळली तर खेळायचा रिमोट उघडा. बटणाखालच्या रबराचा काळा ठिपका कोरड्या सुती कापडाने टिपा. घासलात तर वीज नेणारा थरच निघून जाईल. रंगांसाठी 1990चा डॉ. मारिओ: लाल, निळा, पिवळा अशा तीन रंगांचे विषाणू वेगळे ओळखू आले की काम झालं. (20व्या पातळीवर ते 84 असतात, तिथे रंग चुकून चालतच नाही.)

हे जमलं की आर्केडवरून आलेला डाँकी काँग लावा. लुकलुक इथे दिसेल, आणि तिचं कारण समजून घेण्यासारखं आहे. फॅमिकॉम एका आडव्या रेषेवर 8च हलती चित्रं दाखवू शकतो आणि एकेक चित्र फक्त 8 ठिपके (पिक्सेल) रुंद असतं. 16 ठिपके रुंद पात्राला दोन लागतात. चार पात्रं एका ओळीत आली की कोटा संपला. पाचवं आलं की कुणीतरी गाळलं जातं. प्रोग्रामर गाळण्याचा क्रम फिरवत ठेवतात, म्हणून सगळीच आळीपाळीने लुकलुकतात. बॅटल सिटी या गेममध्ये रणगाडे एका रांगेत आले की हेच. टेट्रिसमध्ये पडणारा तुकडा चारच चौकोनांचा, बसलेले तुकडे मागच्या पार्श्वभूमीत जातात, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. लुकलुक टेट्रिसमध्ये दिसली तरच यंत्रावर किंवा टीव्हीवर संशय घ्यावा.

आर्केडवरून उतरवलेला गेम जोखताना पडद्याचा आकारही पाहा. 1981च्या डाँकी काँगचा पडदा उभा होता. घरच्या टीव्हीवर तो आडवा झाला, आणि चार टप्प्यांपैकी 50 मीटरचा टप्पा फॅमिकॉमच्या आवृत्तीत नाहीच. 25 मीटरच्या टप्प्यानंतर थेट 75चा येतो. तुमची कॅसेट खराब म्हणून तो गेलेला नाही. काँट्राचंही आर्केड उभं, 1987चं. पुढच्या वर्षीच्या फॅमिकॉम आवृत्तीत मैदानं आडव्या पडद्यासाठी नव्याने रचली, आणि आमच्या मते ती मूळ यंत्रापेक्षा जास्त रंगते. जसंच्या तसं उतरवण्याच्या हट्टापेक्षा अशी फेररचना केव्हाही उत्तम.

पावसाळ्यात कॅसेटी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्यांतले रंगीत दाणे रंग बदलू लागले की त्या बदला.