ड्राइव्ह-इनला जाताना: व्हाइनलँडच्या एका रात्रीची तयारी

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी उन्हाळ्यातली एक रात्र व्हाइनलँडच्या डेलसी ड्राइव्ह-इनसाठी, म्हणजे गाडीत बसूनच चित्रपट पाहायच्या उघड्यावरच्या चित्रपटगृहासाठी, अवश्य राखून ठेवावी. ड्राइव्ह-इनचा जन्म याच राज्यात झाला आणि आज राज्यात हे एकच उरले आहे. ते १९४९ मध्ये सुरू झाले, १९८७ मध्ये बंद पडले आणि २००४ मध्ये एका बालरोगतज्ज्ञाच्या पुढाकाराने पुन्हा उघडले. ज्यांनी वांद्र्याचे ड्राइव्ह-इन पाहिले आहे, त्यांना हे सुख वेगळे सांगायला नको.

गाडी कशी लावावी, हे समजण्यासाठी ड्राइव्ह-इनचे जनक रिचर्ड हॉलिंग्सहेड यांचा खटाटोप माहीत असलेला बरा. त्यांनी रिव्हरटन येथील आपल्या घराच्या अंगणात झाडांना पडदा बांधला, गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, पडद्यामागे रेडिओ लावला आणि पावसात काय दिसेल हे पाहण्यासाठी बागेतले पाण्याचे फवारे काचेवर सोडले. पुढच्या गाडीमुळे मागच्यांना पडदा दिसेना, तेव्हा त्यांनी पुढच्या चाकांखाली ठोकळे सरकवून गाडीचे तोंड वर केले. त्यातूनच उंचवट्यांच्या रांगांची कल्पना निघाली, मे १९३३ मध्ये तिला पेटंट मिळाले आणि ६ जून १९३३ रोजी कॅमडेनजवळ सुमारे ४०० गाड्यांचे पहिले ड्राइव्ह-इन उघडले. म्हणून जिथे असे उंचवटे असतील तिथे पुढची चाके त्यांवर चढवावीत. गाडी उंच असेल तर आपणहून मागच्या रांगेत जावे आणि डिकी उघडून बसणार असाल तर तिचे दार छपराच्या वर जाणार नाही इतके दोरीने खाली बांधावे.

सुरुवातीच्या काळी पडद्याजवळच्या कर्ण्यांमधून आवाज येत असे, त्यामुळे मागच्या रांगांना संवाद किंचित उशिरा पोहोचत आणि शेजाऱ्यांची झोपमोड होई. पुढे १९४० च्या दशकात खिडकीला अडकवायचे छोटे स्पीकर आले, आणि आता आवाज एफएमवर मिळतो. इथेच बहुतेक नवख्यांची फसगत होते. इंजिन बंद ठेवून दोन चित्रपट संपेपर्यंत गाडीचा रेडिओ चालू ठेवला तर बॅटरी उतरू शकते. पहिल्या खेपेला आमची उतरली होती आणि शेजारच्या गाडीवाल्यांनी केबल जोडून ती सुरू करून दिली. सेलवर चालणारा छोटा रेडिओ नेणे हाच उत्तम उपाय आहे.

दिवसाही आपोआप लागणारे दिवे कसे बंद करायचे, हे गाडीच्या पुस्तिकेत घरीच पाहून ठेवावे (काही गाड्यांत त्यासाठी हँडब्रेक ओढावा लागतो). किल्लीचे बटण दाबले की दिवे लुकलुकतात, म्हणून दार बटणाने वारंवार उघडू नये. समोरची काच आतूनही पुसावी. रात्री गारवा वाढला की ती श्वासाने धुरकट होते, तेव्हा खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्यात.

वेळेबाबत सूर्य सांगेल ते ऐकावे. जूनअखेरीस इथे सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होत असल्याने त्याआधी पडद्यावर काहीच दिसत नाही, आणि दुसरा चित्रपट मध्यरात्रीनंतरही चालतो. लहान मुलांना झोपायचे कपडे घालूनच न्यावे आणि तासभर आधी पोहोचावे. तिकिटाचे दर, हंगाम आणि बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्याचे नियम निघण्यापूर्वी संकेतस्थळावर पाहावेत. डासांचे मलम मात्र विसरू नये.

भारतातून आलेल्या आई-वडिलांना तर मुद्दाम न्यावे. माझ्या आईला गुडघ्यांमुळे चित्रपटगृहाच्या खुर्चीत तासभरही बसवत नाही. तिथे मात्र ती मागच्या सीटवर पाय पसरून, गोधडी पांघरून बसली होती, नात तिच्या मांडीवर झोपली होती आणि न समजलेला संवाद ती मोठ्याने विचारत होती. कुणाचीही हरकत नव्हती. गोंगाट करणाऱ्या मुलांसह साऱ्या कुटुंबाचे स्वागत आहे, असे आश्वासन हॉलिंग्सहेड यांनी १९३३ च्या जाहिरातीतच दिले होते, आणि या जागेची खरी ओढ मला तरी त्यातच वाटते.

पहिला चित्रपट संपल्यावर निघायचे असेल तर मध्यंतरातच निघावे, आणि रांगेतून बाहेर पडेपर्यंत फक्त पार्किंगचे दिवे लावावेत.