सिगरेट सोडायच्या गोळ्या चालू केल्यात? मग या चुका टाळा

बाबांना डॉक्टरांनी व्हॅरेनिक्लिन लिहून दिली होती आणि पाचव्या दिवशी त्यांनी पाकीट कपाटात टाकून दिलं, म्हणाले नुसतं मळमळतंय आणि तलफ तर आहे तशीच आहे. ही गोळी यांना लागू पडत नाही असं घरात सगळ्यांनी धरून टाकलं आणि पुढची दोन वर्षं ते ओढतच राहिले. त्या दोन वर्षांचं मला अजून वाईट वाटतं, कारण पाचव्या दिवशी तर पूर्ण डोसही चालू झालेला नसतो.

साधारण असं असतं बघा, पहिले ३ दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदाच, मग सातव्या दिवसापर्यंत तीच दोनदा, आणि आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोन वेळा. सिगरेट सोडायची तारीख पण दुसऱ्या आठवड्यातली धरतात, त्याआधी ओढली म्हणून कोर्स वाया जात नाही. मेंदूत निकोटिन जिथे जाऊन बसतं ती जागा ही गोळी अडवते, त्यामुळे तलफ हळूहळू उतरते आणि झुरका मारला तरी पहिल्यासारखं काही वाटत नाही.

मळमळीचं कारणही नंतर कळलं. बाबा सकाळी उपाशीपोटी चहाच्या घोटाबरोबर गोळी घ्यायचे!! ही गोळी खाऊन झाल्यावर, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची. दुसऱ्या वेळी पोहे-उपमा काहीतरी पोटात गेल्यावर घेतली तर त्रास बराच कमी झाला. रात्री विचित्र स्वप्नं पडत असतील तर दुसरी गोळी झोपताना न घेता संध्याकाळी जरा लवकर जेवून घ्या, तरी त्रास होत असेल तर डॉक्टर डोस कमी करून देतात, आपल्या मनाने बंद करू नका.

आणि सगळ्यात जास्त माणसं घसरतात ती बरं वाटायला लागल्यावर. पाचव्या-सहाव्या आठवड्यात वाटतं सुटली की आता, कशाला उगाच गोळ्या, आणि मग कुणाच्या तरी लग्नात मित्र भेटतात, एक ओढली जाते, की परत टपरी. कोर्स १२ आठवड्यांचा असतो, तो पूर्ण करा. मध्ये एखादी सिगरेट ओढली गेलीच तर गोळी सोडू नका, ती तशीच चालू ठेवा.

मित्राची चिठ्ठी दाखवून त्याचीच गोळी आणणं तर अजिबात नको. ब्युप्रोपिऑन नावाची दुसरी गोळी आहे, ती कधी फिट आलेल्या माणसाला देत नाहीत, आणि रोज भरपूर दारू पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली असेल तरी ती घेण्यात धोका असतो. तिच्या दोन डोसमध्ये किमान ८ तास हवेत आणि ती तोडून-चावून खायची नाही. व्हॅरेनिक्लिनचा डोस किडनीचा त्रास असेल तर बदलावा लागतो, म्हणून तेही आधी सांगा.

अजून एक जे कुणी सांगत नाही. धुरामुळे लिव्हर काही औषधं आणि चहा-कॉफीतलं कॅफिन पटापट संपवत असतं, सिगरेट बंद झाली की ते अंगात जास्त वेळ राहतं. मग तेवढ्याच चहाने धडधडतं, झोप उडते आणि नाव गोळीचं होतं. चहा निम्म्यावर आणून बघा. दम्यासाठी थिओफिलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना सांगाच, त्याचा डोस कमी करावा लागू शकतो.

सिगरेट सोडून तंबाखू-चुना मळायला लागलात तर निकोटिन चालूच राहिलं, त्याला सोडणं म्हणता येणार नाही.

या गोळीने डोकं फिरतं म्हणून घाबरवणारे पण भेटतील. २०१६ मध्ये ८ हजारांहून जास्त लोकांवरचा मोठा अभ्यास आला, त्यात व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपिऑनमुळे मानसिक त्रास लक्षात येण्याएवढा वाढलेला दिसला नाही. तरी खूप उदास वाटलं, जिवाचं काही करून घ्यावंसं वाटलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, घरच्यांनीही लक्ष ठेवा. नुसती तलफ आवरत नसेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, बाबांनी तो नंबर गोळ्यांच्या पाकिटावरच पेनने लिहून ठेवला होता.