आजोबांची दुनळी: वय कसं काढायचं, मोल कसं ठरवायचं

जुनी बंदूक हाती आली की पॉलिश पेपर आधी लांब ठेवा. आमच्या चुलत्यांची बारा बोअर एका कारागिरानं बफिंग करून आरशासारखी चकचकीत करून दिली, आणि नळ्यांखालचे चाचणीचे शिक्के निम्मे पुसले गेले. ती बंदूक कधीची, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. ती हळहळ अजून जात नाही.

सुरुवात परवान्यापासून करा. आजोबा गेले आणि परवाना वारसाच्या नावावर झाला नसेल, तर बंदूक कपाटात ठेवायची नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायची आणि पाहायची तीही तिथंच. दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढं हात लावू नका.

आता पुढचं लाकूड काढून नळ्या सोडवा. मागच्या टोकाला, खालच्या सपाट भागावर तेलाचं फडकं फिरवा आणि मोबाईलची बॅटरी तिरपी धरून भिंगातून बघा. आपल्याकडच्या विलायती बंदुका बऱ्याचदा बर्मिंगहॅमच्या; नळी दाब सोसते का याची चाचणी घेऊन तिथं शिक्के मारत. मुकुट आणि फुलीसारखे दोन राजदंड दिसले, तर चाचणी 1904 च्या आधीची. मुकुटाखाली बीव्ही, बीपी (BV, BP) अशी अक्षरं असतील तर 1904 ते 1954. बीएनपी (BNP) असेल तर त्यानंतरची. ‘नॉट फॉर बॉल’ (अखंड गोळीसाठी नाही) असं कोरलेलं सापडलं तर 1875 ते 1887, आणि अशी नळी जपून ठेवा. फक्त एक लक्षात घ्या, जुनी बंदूक पुन्हा चाचणीला गेली असेल तर दोन काळांचे शिक्के एकत्र दिसतात. तेव्हा जुना शिक्का धरायचा.

नळ्यांवरच्या पट्टीवर कलकत्त्याच्या मँटनचं नाव दिसलं म्हणून हुरळू नका. ते बहुधा विकणाऱ्याचं नाव असतं. ‘वेब्ले अँड स्कॉट’ मात्र उपयोगी, कारण ही कंपनी त्या नावानं 1897 साली झाली.

मोल ठरतं ते नळ्यांवर. सुट्या नळ्या खालच्या हुकातून दोरीनं टांगा आणि बोटाच्या पेरानं हलकेच टिचकी मारा. देवळातल्या घंटेसारखा नाद लांबवर घुमला तर सांधे घट्ट आहेत. फुटक्या मडक्यासारखा ‘थड’ आवाज आला तर पट्टीचं डाक सुटलंय, भाव निम्म्यावर आला समजा. मग उजेडाकडं धरून आतून बघा. गगनबावड्याच्या पावसात वाढलेल्या बंदुकांत गंजाचे खड्डे हमखास सापडतात. खड्डे घासून काढले असतील तर नळी पातळ झालेली असते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या ओळखीच्या टर्नरकडून बोअर गेज मागून आणा (बंदूक तिकडं न्यायची नाही) आणि मागच्या टोकापासून नऊ इंचांवर आतला व्यास मोजा. बारा बोअरला तो साधारण 18.5 मिलिमीटर असतो. शिक्क्याजवळच्या बोअरच्या आकड्यानुसार असायला हवा त्यापेक्षा व्यास बराच जास्त भरला तर ती बंदूक उडवायची नाही.

नळीवर पाण्यातल्या वळ्यांसारखी नक्षी असेल तर ती दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली. तिच्यात आजचं काडतूस घालू नका. नळीतली काडतूस बसायची जागा (चेंबर) अडीच इंची असेल तर 70 मिलिमीटरचं काडतूसही नको, बसलं तरी.

उडवलेलं काडतूस आपोआप फेकणारी आणि साइडलॉक (बार उडवणारी यंत्रणा बाजूच्या पत्र्यांवर असलेली) बंदूक महाग, साधी बॉक्सलॉक (तीच यंत्रणा आतल्या पेटीत असलेली) स्वस्त. तरी 1980 च्या दशकापासून खासगी आयात बंद असल्यामुळं आपल्याकडं साध्या विलायती दुनळीलाही चांगला भाव येतो. शिक्क्यांचे फोटो काढा आणि दोन परवानाधारक विक्रेत्यांना वेगवेगळे दाखवा. एकाच्या शब्दावर व्यवहार करू नका.