अडेनियम सडतंय, फुलत नाही? या चुका टाळा

अडेनियम (डेझर्ट रोज) हे फुलझाड तहानेने क्वचितच मरतं. मरतं ते पाण्याने. फुगीर बुंध्यात पाण्याचा साठा असल्यामुळे कोरड्या, कडक उन्हाच्या जागी ते आठवडेच्या आठवडे तग धरतं. पण मुळांशी ओल साचून राहिली की सड धरते. पानं पिवळी दिसली, बुंधा मऊ लागला की बहुतेक जण घाईने पाणी घालतात आणि झाड हातचं जातं.

आधी बुंधा दाबून बघा. सगळीकडून सारखाच किंचित मऊ, साल सुरकुतलेली, माती कोरडी, तर ती तहान. पाणी दिल्यावर काही दिवसांत तो पुन्हा टणक होतो. एकाच जागी बोट आत जातंय, साल तपकिरी, ओलसर आहे, कुजका वास येतोय, तर ती सड. अशा वेळी वाट बघू नका. झाड उपटून मुळं धुवा, धारदार सुरी स्पिरिटने पुसा आणि सडका भाग कापा. गरात तपकिरी रेघ दिसते तोवर कापत राहायचं, दर कापाआधी सुरी पुन्हा पुसायची. पांढरा, घट्ट गर लागला की जखमेवर बुरशीनाशक पावडर लावून झाड हवेशीर सावलीत आठवडाभर सुकवा. मग कोरड्या मिश्रणात लावा. पहिलं पाणी आणखी आठवड्याने. चीक विषारी असतो, हातमोजे घालाच.

सडीचं मूळ बहुधा मातीत असतं. दोन भाग जाड वाळू किंवा परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे दाणे), एक भाग माती, एक भाग चाळलेलं कंपोस्ट घ्या. बारीक वाळू नको, ती मातीत दबून निचरा अडवते. जमिनीत लावणार असाल तर वाफा 20-25 सेंमी उंच हवा. झाड वाढेल म्हणून आधीच मोठी कुंडी घेणं हीसुद्धा चूकच, कारण मुळं नसलेली माती ओलीच राहते. वरची 5 सेंमी माती पूर्ण वाळल्यावरच पाणी द्या. थंडीत पानं गळाली तर ती विश्रांती समजा आणि पाणी जवळजवळ बंद करा.

झाड हिरवंगार आहे पण फूल नाही? रोज किमान 6 तास थेट ऊन मिळतंय का पाहा, युरियासारखं नत्राचं खत थांबवा. फुलं नव्या फुटव्याच्या टोकाला येतात, म्हणून थंडी सरताना फांद्या एक तृतीयांश छाटा. कळ्यांवर पिवळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा.